चारही चाकांना खिळे

आयलीने नवऱ्याला, रेनोला, काखेत हात घालून पिकअपच्या सीटवर चढवलं तेव्हा सकाळचे पावणेआठ झाले होते आणि अजून उजाडलं नव्हतं. पारा उणे सहावर होता. गेला आठवडाभर तो उणे तीसवर होता, तेव्हा कुणी फारशी तक्रार केली नव्हती. आता तो चढायला लागला म्हणून अख्खं कोस्की गाव धास्तावलं होतं. कडाक्याच्या थंडीत बर्फ निदान कोरडा असतो, चाकाला थोडीफार पकड देतो. पारा शून्याच्या जवळ आला आणि वरून पडलेला पाऊस रस्त्यावर पडल्या पडल्या गोठला, की रस्त्याची काच होते. रेडिओवर तेच सांगत होते. अकराच्या सुमारास गोठता पाऊस, संध्याकाळपर्यंत.

रेनो काल्लुंकीची दोन्ही मूत्रपिंडं गेल्या वर्षी निकामी झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा त्याला एकशे चाळीस किलोमीटरवर थंडर बे शहरात डायलिसिससाठी न्यावं लागे. शनिवारी वादळ झालं, महामार्ग बंद राहिला आणि तो दिवस हुकला. आज मंगळवार. रेनोचे पाय सुजून बुटात मावेनासे झाले होते आणि जिना चढल्यासारखा तो बसल्या जागी धापा टाकत होता. आयलीने पहाटे हॉस्पिटलला फोन केला होता. तिकडची नर्स शांतपणे, पण एकेक शब्द सुटा करून बोलली. "आजचा दिवस हुकवू नका. हृदयावर परिणाम होईल. दोन वाजेपर्यंत पोचलात तरी मी मशीन ठेवते, पण दोनच्या पुढे नाही." गावातली एकुलती एक अँब्युलन्स काल रात्रीच एका बाळंतिणीला घेऊन गेली होती आणि अजून परतली नव्हती.

म्हणजे आयलीलाच न्यायचं होतं. आणि गाडीला टायर धड नव्हते.

टायर होते, आणि दिसायला तर झोकदार होते. रेनोने एकतीस वर्षं लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक चालवले होते; निवृत्त झाल्यावर त्याने या पिकअपला चार वर्षांपूर्वी चिखलात चालणारे रुंद टायर हौसेने बसवून घेतले होते. बोट बुडेल एवढ्या खाचा, मुठीएवढे रबराचे गट्टे. शिकारीच्या कॅम्पवर लोक वळून बघायचे. तेव्हा बर्फ पडला की रेनो गाडी बाहेर काढायचा नाही, किंवा काढली तर त्याचे हात स्टिअरिंगवर असायचे. आता त्याची नजर अधू झाली होती. हात आयलीचे होते. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेली, साठीला टेकलेली बाई. नोव्हेंबरपासून तीस खेपा तिने याच टायरांवर केल्या होत्या, प्रत्येक खेपेला दात आवळून. परत आल्यावर तिची बोटं स्टिअरिंगवरून सुटायची नाहीत.

काल वाणसामान आणायला निघाली आणि चर्चच्या साध्या उतारावर गाडी सरळ चरात गेली. ब्रेक दाबला होता, चाकं थांबलीही होती, गाडी मात्र थांबली नाही. लागलं कुणालाच नाही, पण बर्फ सारणाऱ्या गाडीवाल्याने दोर लावून बाहेर ओढेपर्यंत आयली चरात बसून एकच विचार करत होती, की हे उद्या थंडर बेच्या वाटेवरच्या तळ्याच्या चढणीवर झालं तर.

घरी येऊन तिने टायरवाल्या ऑरेस्टला फोन लावला. आपण ऑक्टोबरात सांगितलेले हिवाळी टायर आले का, असं विचारलं. ऑरेस्टने तिला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाला, उद्या आठला दुकानात ये, काय ते बघू.

ऑरेस्टचं दुकान महामार्गाच्या फाट्यावर, पेट्रोलपंपाच्या मागे. तो गाडी बघायला बाहेर आला, वाकला आणि खिशातल्या किल्लीचं टोक टायरच्या रबरात खुपसून बघितलं. टोक आत गेलं नाही.

"लाकूड झालंय," तो म्हणाला. "असल्या टायरवर तू नोव्हेंबरपासून जातेयस? आयली, खुळी आहेस का तू?"

"तुझे टायर येतायत म्हणून थांबले ना," आयली म्हणाली.

ऑरेस्टने रेनोकडे बघितलं. रेनो काचेतून समोर बघत होता. मग ऑरेस्टने दरवाजा वर सरकवला आणि गाडी आत घ्यायला सांगितलं.

आत शेगडी धगधगत होती. दोघांनी रेनोला उतरवून शेगडीपाशी खुर्चीवर बसवलं. मग ऑरेस्टने आयलीला मागच्या मांडणीकडे नेलं. या गाडीला बसतील असे दोनच संच शिल्लक होते. पहिला संच जाड, दणकट, दिसायला रेनोच्या टायरांचा सख्खा भाऊ. त्याच्यावर डोंगर आणि हिमकणाचा शिक्काही होता, म्हणजे हिवाळ्याला चालतो असा सरकारी दाखला.

"भुसभुशीत बर्फात हे तुला कुठूनही बाहेर काढतील," ऑरेस्ट म्हणाला. "पण हे ओझ्याच्या ट्रकचे आहेत. अंगाने ताठ. काचेसारख्या रस्त्यावर ताठ टायर कामाचा नाही."

दुसरा संच अरुंद होता. त्याच्या रबरात नख रुतत होतं आणि प्रत्येक गट्ट्यावर सुरीने बारीक चिरा पाडाव्यात तशा शेकडो रेघा होत्या. मोठ्या गाडीला एवढे बारके टायर कसे पुरतील, असं आयलीने विचारलं. ऑरेस्ट म्हणाला, रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापून खालच्या रस्त्याला भिडतो. आणि या चिरा ओल्या बर्फाला चिमटे काढल्यासारख्या धरतात. कोपऱ्यात त्याच मापाच्या जुन्या लोखंडी रिम पडल्या होत्या, त्या गाडीला बसतील.

"मग हेच बसव."

"थांब, अजून आहे." त्याने टायर फिरवून दाखवला. रबरात ओळीने बारीक भोकं होती. "यात खिळे बसतात. पोलादी. डबा आहे माझ्याकडे. नुसते टायर चढवायचे तर तू नऊला रस्त्याला लागशील. खिळे मारायचे तर एका टायरला शंभर, चारांना चारशे. साडेदहा वाजतील."

आयलीने मनातल्या मनात वेळ मांडला. नऊला निघालं आणि रेडिओ खरा ठरला, तर पाऊस यायच्या आत थंडर बे. साडेदहाला निघालं तर सगळा रस्ता पावसात, आणि दोनची वेळ गाठायची. पण रेडिओ चुकला तर? नऊला निघाल्यावर तळ्याच्या चढणीवर, मध्यावर पावसाने गाठलं, तर बिनखिळ्यांच्या टायरवर पुढेही जाता येणार नाही आणि मागेही फिरता येणार नाही.

"पुढच्या दोनांनाच मारले तर? वेळ वाचेल."

"मग पुढचं थांबेल आणि मागचं तुला ओलांडून पुढे येईल. मारले तर चारही, नाहीतर एकही नाही. आणि तुझ्या त्या फोर-व्हील ड्राइव्हवर विसंबू नकोस. ते गाडी हलवायला मदत करतं, थांबवायला नाही."

आयली वळून शेगडीपाशी आली. या बाबतीत गावात रेनोच्या वरचढ कुणी नव्हतं. जानेवारीत चाळीस टन ओंडके घेऊन त्याने ती चढण हजारदा पार केली होती. तिने त्याला दोन्ही गोष्टी नीट समजावून सांगितल्या आणि विचारलं, काय करू?

"तुला पटेल ते कर," रेनो म्हणाला.

"मला पटून काय उपयोग? तुला कळतं यातलं. सांग ना."

"घरी जाऊ या, आयली."

तिला वाटलं तो दमलाय. ती त्याच्या गळपट्ट्याची गाठ सैल करायला वाकली, तेवढ्यात मागून ऑरेस्ट म्हणाला, "रेनो, तिला सांगणार आहेस की मी सांगू?"

रेनोने हात शेगडीपुढे धरले. शेवटी ऑरेस्टनेच सांगितलं. खिळ्यांसकट टायर ऑक्टोबरातच आले असते. आयली मागणी नोंदवून गेली आणि दुसऱ्याच दिवशी रेनोचा फोन आला, की रद्द कर, चुलतभाऊ देतोय त्याच्याकडचे. ऑरेस्टने विश्वास ठेवला. नोव्हेंबरपासून गेल्या आठवड्यापर्यंत तो लेकीच्या बाळंतपणाला सडबरीला होता, त्यामुळे रस्त्यात गाडी दिसायचा प्रश्नच आला नाही. काल फोन आला तेव्हा कुठे त्याला कळलं की चुलतभावाने काही दिलेलंच नाही.

आयलीला आधी काही उमजेचना. टायर बंदरात अडकलेत, मग टायर चुकीच्या मापाचे आले, मग नाताळाची सुट्टी, असं तीन महिने रेनो तिला सांगत होता. ती शेगडीसमोर उभी राहिली आणि तिने फक्त विचारलं, का?

रेनोला बोलायला दम पुरत नव्हता. दोन शब्द बोलून तो थांबे.

"मला नको होतं हे. ते मशीन. चार-चार तास. तुला तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती. वाटलं, हे टायर असले की पहिल्याच बर्फाला तू हात टेकशील. म्हणशील, रेनो, नाही जमत मला. मग आपोआप थांबेल सगळं. कुणी कुणाला काही सांगायला नको."

"आणि मी हात टेकले नाहीत."

"नाही टेकलेस."

"तीस वेळा, रेनो. तीस वेळा मी जीव मुठीत धरून गेले, आणि तू शेजारी बसून बघत होतास. मी मेले असते तर? समोरून ट्रक आला असता तर?"

"प्रत्येक वेळी ठरवायचो, आज सांगायचं," रेनो म्हणाला. "परत येताना तुझे हात बघायचो, आणि मग सांगवत नसे."

आयली बाहेर निघून गेली. पेट्रोलपंपाच्या भिंतीला टेकून ती उभी राहिली. रडू येत नव्हतं. राग एवढा होता की थंडी कळत नव्हती, आणि रागाच्या तळाशी काहीतरी भयंकर थकलेलं होतं, जे म्हणत होतं, त्यालाच नकोय तर तू कुणासाठी मरतेस? घरी ने त्याला. झोपू दे. घर चार किलोमीटरवर होतं. तेवढं या टायरवरही जाता आलं असतं.

मग तिला त्याच्या धापा आठवल्या. रात्रभर तो उशांना टेकून बसला होता आणि तिचा हात त्याने सोडला नव्हता. मरायचं ठरवलेला माणूसही गुदमरताना कुणाचा तरी हात धरतो, आणि तो हात तिचा होता. शनिवारी वादळाने रस्ता बंद केला. आज तो तिने स्वतः बंद करायचा हे तिच्याने होईना. त्याला थांबायचं असेल तर त्याने शुद्धीत, तिच्या डोळ्यांत बघून तसं म्हणावं. पाण्याने फुगून, धापा टाकत, टायरांच्या आडून नव्हे.

ती आत आली.

"खिळे मार," ती ऑरेस्टला म्हणाली. "चारही."

"वेळ..."

"मी मदत करते. कसं करायचं ते दाखव."

कॉम्प्रेसरवर चालणारं खिळे मारायचं यंत्र एकच होतं. ऑरेस्ट ते भोकावर दाबायचा, खिळा टक् करून आत बसायचा. आयली पुढची भोकं साबणाच्या पाण्याने ओली करत जायची आणि बसलेला खिळा वाकडा नाही ना हे अंगठ्याने चाचपायची. दुसरा टायर संपत आला तेव्हा पत्र्यावर तडतड सुरू झाली. ऑरेस्टने घड्याळाकडे बघितलं. दहाला वीस कमी. पाऊस रेडिओच्या सव्वा तास आधी आला होता. नऊला निघाले असते तर या घटकेला ते बरोबर चढणीच्या पायथ्याशी असते.

तिसऱ्या टायरला ऑरेस्टची मनगटं भरून आली आणि एक खिळा तिरका गेला. शेगडीपाशी बसलेला रेनो तेवढ्यात हलक्या आवाजात म्हणाला, "यंत्र उभं धर. झुकवतोयस तू." एवढंच. ऑरेस्टने यंत्र उभं धरलं.

दहा पस्तीसला गाडी बाहेर पडली. ऑरेस्टने काचेशी येऊन सांगितलं, की खिळे नवे आहेत, पहिले शंभर किलोमीटर त्यांना रबरात रुतून बसू दे. जोरात ब्रेक नको, गर्रकन वळण नको. आयली म्हणाली, आज जोरात काही करायची माझी छाती आहे असं वाटतं का तुला?

महामार्ग करड्या काचेसारखा चकाकत होता. विजेच्या तारा बर्फाने जाड होऊन लोंबत होत्या. तिने ताशी चाळीस-पन्नासचा वेग धरला. खालून खिळ्यांचा कुरकुर आवाज येत होता, आणि पहिल्यांदाच, स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळत होती. हे तिला एवढं नवं होतं की तिचा विश्वास बसेना. पहिल्या तीस किलोमीटरमध्ये तिने चरात गेलेल्या सहा गाड्या मोजल्या, मग मोजणं सोडलं. वायपरवर बर्फाचे गोळे जमत होते. दोनदा थांबून तिने ते हाताने फोडले. रेनोचा श्वास आता शिट्टीसारखा वाजायला लागला होता. ओठ निळसर दिसत होते. ती दर पाच मिनिटांनी त्याला हाक मारी आणि तो नुसती मान हलवी.

तळ्याच्या चढणीवर, अर्ध्याच्या वर, एक मालट्रक आडवा झाला होता. मागचा डबा डाव्या कठड्यापर्यंत गेलेला, पुढचं तोंड उजवीकडे. त्याच्याखाली दोन मोटारी होत्या, दोन्ही हळूहळू, चालक आत बसलेले असताना, मागे घसरत होत्या. आयलीने ब्रेक हलकेच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. गाडी थांबली. उभ्या चढावर, बर्फाच्या काचेवर, गाडी जागच्या जागी उभी राहिली. एक मोटार त्यांच्या शेजारून हातभर अंतरावरून मागे सरकत खाली गेली. आतली बाई आयलीकडे बघत होती.

मालट्रकचं नाक आणि उजवी दरड यांच्यामध्ये साताठ फूट जागा होती. तीही सगळी पक्क्या रस्त्याची नव्हती. निम्मी कडेची, गुडघाभर जुन्या बर्फाची. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. वाळू टाकणारी गाडी कधी येईल हे ट्रकवाल्यालाही माहीत नव्हतं. तो काचेशी येऊन म्हणाला, दोन तास तरी, बाई.

आयलीने कपाळ स्टिअरिंगला टेकलं. "मला नाही जमणार," ती म्हणाली. रेनो तीन महिने ज्यांची वाट बघत होता, तेच हे शब्द होते. ते तोंडातून निघून गेल्यावर दोघांच्याही ध्यानात आलं.

रेनोने बाहीने काच पुसली आणि बाहेर बघितलं.

"आयली," रेनो म्हणाला. "उजवी चाकं त्या बर्फात घाल. जुना बर्फ आहे, वरून कडक, खाली खरखरीत. काचेपेक्षा बरा. हा टायर तो कापेल."

तिने मान वर केली.

"दुसऱ्या गिअरात. एकदा निघालीस की थांबायचं नाही. मागे घसरतेय वाटलं तरी पाय उचलायचा नाही. आरशात बघू नकोस. माझ्याकडे तर मुळीच नको."

तिने उजवी चाकं बर्फात घातली. गाडी तिरकी झाली, रेनोचं सगळं वजन दारावर आलं. बर्फ कापल्याचा आवाज आला. मागचं चाक एकदा फिरलं, जळक्या रबराचा वास आला, खिळे कशाला तरी अडकले आणि गाडी पुढे गेली. ट्रकचा आरसा त्यांच्या काचेला घासून मोडला. रेनो "चल, चल, चल" असं पुटपुटत होता, बैलाला पुटपुटावं तसं, श्वास संपेपर्यंत. माथ्यावर पोचल्यावर आयलीला कळलं की आपण मघापासून ओरडत होतो.

हॉस्पिटलच्या दाराशी गाडी लागली तेव्हा दोनला आठ मिनिटं होती. रेनोला खुर्चीवर घालून त्यांनी पळवतच आत नेलं. नर्सने रक्त तपासलं आणि आयलीला आकडा सांगितला नाही. एवढंच म्हणाली, की संध्याकाळ झाली असती तर उपयोग नव्हता.

मशीन चालू झाल्यावर तासाभराने त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. आयली शेजारच्या खुर्चीत कोट न काढता बसली होती.

"माझं मन बदललेलं नाही," रेनो म्हणाला. "उगाच खोटं कशाला सांगू."

"मग चढणीवर कशाला बोललास? गप्प बसायचंस."

रेनो छताकडे बघत राहिला. "तू रडत होतीस," तो म्हणाला.

आयलीने कोटाची बटणं काढली. "तुला थांबायचं असेल तर थांब. मी तुला बांधून नाही आणणार. पण मला सांग. मला, तुझ्या तोंडाने. दुकानदाराला फोन करून नाही. तू सांगेपर्यंत मी गाडी काढणार."

त्याने मान हलवली. ती रात्र त्यांनी हॉस्पिटलच्या अतिथिगृहात काढली, आणि रस्ता उघडल्यावर परत आले.

त्यानंतर त्या हिवाळ्यात ते आणखी सव्वीस वेळा गेले. गाडी एकदाही चरात गेली नाही. जाताना रेनो पूर्वीपेक्षा जास्त बोलायचा. कुठल्या वळणावर वारा बर्फ आणून टाकतो, कुठल्या पुलावर रस्ता आधी गोठतो, हे सगळं एकतीस वर्षांचं शहाणपण तो तिला वाटेत देऊन टाकत होता. ती ऐकायची. का देतोय ते तिला कळत होतं.

मार्चच्या शेवटी एका बुधवारी सकाळी, स्वयंपाकघराच्या टेबलाशी, त्याने तिला समोर बसायला सांगितलं आणि म्हणाला, "आयली, आता बास."

ती वचन पाळू शकली नाही. दिवसभर भांडली, विनवण्या केल्या, विनीपेगला राहणाऱ्या मुलीला फोन लावून दिला. मुलगी फोनवर रडली आणि निघते म्हणाली. रेनोने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं, या वेळी तिच्या डोळ्यांत बघून.

गुरुवारी सवयीने ती लवकर उठली, कोट चढवून गाडी गरम करायला बाहेर गेली आणि किल्ली हातात धरून अंगणात उभी राहिली. रस्ता कोरडा होता. पाच-दहा मिनिटं ती तशीच उभी असेल. मग ती आत आली, कोट खुंटीला लावला आणि त्याच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली.